काढावे तेवढे घालावे

आश्विन वद्य चतुर्दशीची पहाट. आकाशात चांदण्या अजून लखलखत असतात. पूर्वेकडे क्षीण चंद्रकोर नुकतीच वर आलेली असते. सारे घर गाढ झोपेत असताना परसदारी मात्र एक जीव जागा झालेला असतो. तो बंबाच्या नळीत पेटती गोवरी सोडतो, वर बाभळीच्या दोन ढलप्या टाकतो, पोटात पाणी किती आहे ते झाकण उचलून पाहतो आणि उणे असेल तेवढे आडावरून आणून घालतो. थोड्याच वेळात थंडगार हवेत धुराची रेघ चढू लागते आणि बंब गुणगुणू लागतो. मग घरातील एकेक माणूस उठते. तेल लागते, उटणे लागते, घंगाळात कढत पाणी पडते, अंगणात फटाका वाजतो आणि आपण म्हणतो, दिवाळी आली!

दिवाळीवर आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. पणतीचे कौतुक झाले, आकाशकंदिलाचे झाले, रांगोळीचे आणि फराळाचेही झाले. परंतु ज्याच्यावाचून या सणाची पहिली आंघोळ घडत नसे त्या बंबाविषयी, आणि विशेषतः त्यात पुनःपुन्हा घालावयाच्या पाण्याविषयी, सहसा कोणी लिहीत नाही. विषय लहान आहे खरा. पण आपल्या घरांचा धर्म अशा लहान गोष्टींतूनच चालत आला आहे. म्हणून आजच्या मंगल दिवशी या उपेक्षित पाण्याची थोडी विचारपूस करावी, असा हेतू आहे.

तेलात लक्ष्मी, पाण्यात गंगा

नरकासुराची कथा सर्वांना ठाऊक आहे. प्राग्ज्योतिषपूरच्या त्या उन्मत्त राजाने सोळा सहस्र कन्यांना बंदिवासात टाकले होते. भगवान श्रीकृष्णाने सत्यभामेसह त्याच्यावर स्वारी करून त्याचा वध केला आणि त्या कन्यांना मुक्त केले. तो दिवस आश्विन वद्य चतुर्दशीचा. विजयी होऊन परतलेल्या भगवंताला मंगलस्नान घालून ओवाळले, त्याचीच आठवण म्हणून आपण या पहाटे अभ्यंगस्नान करतो, अशी आपली श्रद्धा आहे.

पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी 1790 च्या सुमारास रचलेला ‘धर्मसिंधु’ हा ग्रंथ महाराष्ट्रातील घराघरांच्या आचाराला आधारभूत मानला जातो. या दिवशी चंद्रोदयाच्या वेळी तिळाचे तेल लावून स्नान करावे, असे धर्मशास्त्र सांगते. स्नान चालू असता आघाड्याची फांदी अंगावरून फिरवावी, स्नानोत्तर यमाच्या चौदा नावांनी तर्पण करावे, असेही विधान आहे. कोकणात आणि अन्य कित्येक ठिकाणी तुळशीपुढे डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट फोडण्याची चाल आहे. सूर्य उगवल्यावर जो आंघोळ करील त्याच्या वाट्याला नरक येईल, असे वडीलधारी माणसे मुलांना बजावीत आणि मुले अंथरुणातून टुणकन उठत.

या साऱ्या विधीमागे एक सुंदर भावना आहे. दीपावलीच्या दिवसांत तेलामध्ये लक्ष्मी आणि पाण्यामध्ये गंगा वास करते, असे शास्त्रवचन आहे. याचा अर्थ असा की, गंगेवर जाणे ज्याला घडत नाही त्याच्या दारी ती या पहाटे आपण होऊन येते. पुष्कळ घरांत ती बंबाच्या पोटात उतरत असे.

वैद्यकशास्त्रही या आचाराला अनुकूल आहे. वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’त नित्य अभ्यंगाची महती सांगितली आहे. ऋतू पालटून थंडी पडू लागते, अंगाची कातडी खरखरीत होते, तेव्हा तेल आणि ऊन पाणी यांच्याइतके सुखकर दुसरे काय असणार? परंतु त्याच ग्रंथाने एक सावधगिरीही सांगून ठेवली आहे. गरम पाणी अंगावर घेतल्याने बळ वाढते, पण तेच डोक्यावर घेतल्यास केसांना आणि डोळ्यांना ते हितकर नसते. आपल्या आया-आज्या घंगाळात विसण घालून, हात बुडवून पाहून, मगच मुलाच्या डोक्यावर तांब्या रिता करीत. त्यांनी वाग्भट वाचला नव्हता. पण त्यांच्या हाताला तो ठाऊक होता.

तांबटाची करामत

ज्यांनी बंब पाहिला नाही अशी एक पिढी आता घरोघरी नांदते आहे. तिच्यासाठी त्याची रचना थोडक्यात सांगितली पाहिजे. बंब म्हणजे तांब्याचा उभा, गोल देह. त्याच्या पोटातून खालपासून वरपर्यंत एक रुंद नळी गेलेली असते. नळीच्या तळाशी लोखंडी जाळी असते. नळीच्या वरच्या तोंडातून काटक्या, ढलप्या, गोवऱ्या, नारळाच्या करवंट्या, तुराट्या, जे हाती लागेल ते जळण टाकावयाचे; ते जाळीवर जळते आणि राख खाली गळून पडते. नळीच्या सभोवार पाणी असते. बाजूला पाणी घालावयाचे तोंड आणि त्यावर झाकण, खाली पितळी तोटी, उचलावयास दोन कड्या आणि टेकावयास तीन पाय.

चुलीवर हंडा ठेवला तर जाळ त्याच्या बुडाला लागून बाजूंनी निसटून जातो. बंबात जाळ पाण्याच्या ऐन मध्यावर कोंडलेला असतो. त्याच्या चारी अंगांनी पाणीच पाणी. त्यामुळे थोड्या जळणात पुष्कळ पाणी तापते. रशियातील चहाच्या समोवारची रचनाही नेमकी हीच आहे. आणखी एक गंमत पाहा. आग विझविणाऱ्या गाडीलाही मराठीत बंबच म्हणतात. एक बंब आगीवर पाणी सोडतो, दुसरा पाण्याच्या कुशीत आग सांभाळतो.

पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळी या कामासाठी नावाजलेली. पेशवाईत कोकणातून येऊन तेथे स्थिरावलेल्या तांबटांच्या घरांतून पिढ्यानपिढ्या हातोडीचे ठोके घुमत आले. तांब्याच्या पत्र्याला ठोके देऊन जो मठार उठवितात तो केवळ शोभेसाठी नव्हे. ठोक्यांनी तांबे घट्ट आणि कणखर होते. मुलीच्या लग्नात भांड्यांबरोबर बंब देण्याची रीत अनेक घराण्यांत होती, आणि तीन-तीन पिढ्यांनी एकाच बंबाच्या पाण्याने दिवाळीची आंघोळ केल्याची उदाहरणे विरळ नाहीत.

पाणी आहे तोवर

असा हा तीन पिढ्या टिकणारा बंब एका सकाळीत निकामी होऊ शकतो, हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसते. त्याला फार आग लागत नाही. थोडे दुर्लक्ष पुरते.

पाणी उघड्या भांड्यात असेपर्यंत ते उकळते तेवढेच तापते, म्हणजे सुमारे 100 अंश. त्यापुढे जाळ कितीही वाढवा, वाढीव उष्णता वाफ होऊन निघून जाते. म्हणून पाण्याला लागून असलेले तांबेही फारसे पुढे तापत नाही. नळीत निखारे फुललेले असोत, पाणी त्यांची सारी धग आपल्या अंगावर घेते. पाण्याची ही सहनशक्ती विलक्षण आहे. एक किलो पाणी एका अंशाने तापविण्यास जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात जवळजवळ अकरा किलो तांबे एका अंशाने तापते. याचा अर्थ असा की, पाणी संपले की बंबाची सोशिकताही संपली. मग तीच धग तांब्यावर येते आणि ते पाहता पाहता तापून काळेनिळे पडते. तांबे वितळावयास 1,085 अंश उष्णता लागते, ती लाकडाच्या जाळाने सहसा होत नाही. पण तोटीच्या सांध्याला किंवा जुन्या दुरुस्तीच्या जागी लावलेला कथील-शिशाचा डाख दोनशे अंशांच्या आसपासच पाझरू लागतो. सांधा सुटतो, नळीला चीर जाते आणि भरलेले पाणी थेट जाळावर गळू लागते.

म्हणूनच जाणत्या तांबटाने तोटी कधी अगदी तळाशी बसविली नाही. ती तळापासून चार बोटे वर असते. तोटीची धार थांबली तरी खाली थोडे पाणी उरावे, ही त्यातील योजना. ते पाणी आंघोळीसाठी नव्हे, बंबासाठी. पण नळीत जाळ भरपूर असेल तर तेही आटून जाते, आणि मग तांबटाची दूरदृष्टीही उपयोगी पडत नाही.

एका दिवाळीची गोष्ट

हे मी पुस्तकात वाचून लिहीत नाही. सातारा जिल्ह्यातील आमच्या जुन्या घरी परसात, न्हाणीघराच्या भिंतीला लागून, बंब असे. घरात चौदा माणसे. बंबाशेजारी आडाच्या पाण्याने भरलेल्या चार बादल्या रात्रीच मांडून ठेवलेल्या असत. आजीचा एकच दंडक होता: “काढलंस तेवढं घाल.” एक बादली ऊन पाणी काढले की एक बादली गार पाणी बंबात घालावयाचे, नळीत एक ढलपी टाकावयाची आणि मगच आंघोळीला बसावयाचे. बादली रिकामी झाली तर ती आडावरून भरून आणून जागेवर ठेवावयाची. लहानथोर सर्वांना हा नियम सारखा.

मी दहा-अकरा वर्षांचा असतानाची दिवाळी. मुंबईचे काका आणि त्यांची मुले आली होती. पहाटेपासून आंघोळींची एकच धांदल. आई तीन वाजता उठली होती. तिने बंब पेटविला, सर्वांना तेल लावले, उटणे कालविले, एकेकाला ओवाळले. मध्येच स्वयंपाकघरात जाऊन ती फराळाची ताटे मांडीत होती. तिची आंघोळ सर्वांत शेवटी. ती तशीच असावयाची, यात कोणाला काही वावगे वाटत नसे, तिलाही नाही.

मुलांमध्ये माझा क्रमांक शेवटचा. मी तोटी सोडली तेव्हा धार बारीक येत होती. माझ्या आधीच्या एक-दोघांनी पाणी घातलेच नव्हते. ते माझ्या लक्षात आले, नाही असे नाही. पण बाहेर चुलतभावांचे फटाके वाजू लागले होते. मी उरलेसुरले सारे पाणी काढून घेतले, भराभर अंगावर ओतले आणि ओल्या अंगानेच अंगणात धावलो. चार बादल्यांपैकी एक भरलेली होती. ती तशीच राहिली.

आईने जाता-येता परसदारातून पाहिले. मी आंघोळ करून गेलो म्हणजे पाणी घातलेच असणार, असे तिने धरले. आपल्यासाठी पाणी चांगले तापावे म्हणून नळीत तीन-चार ढलप्या टाकल्या आणि ती पुन्हा आत गेली. पूर्वेला तांबडे फुटत होते. थोड्या वेळाने ती आंघोळीला आली, तो बंबातून गुणगुण ऐकू येईना. तांबे करकरत होते आणि तापल्या धातूचा उग्र वास सुटला होता. तिच्या ध्यानात सारे आले. तिने चटकन भरलेली बादली उचलली.

आजी ओसरीवरून ओरडली, “सूनबाई, घालू नकोस! मागं हो!”

तो आवाज मला आजही ऐकू येतो. कोरड्या तापलेल्या बंबात गार पाणी पडले असते तर क्षणार्धात वाफ उसळून तोंडावर आली असती आणि आईचा चेहरा व हात भाजून निघाले असते. काकांनी चिमट्याने निखारे बाहेर ओढले, जाळी मोकळी केली. बंब थंड होईपर्यंत कोणी त्याला हात लावला नाही. तोटीचा सांधा निखळला होता आणि नळीला एक चीर पडली होती.

तोपर्यंत सूर्य वर आला होता. आईने आडाच्या गार पाण्याने आंघोळ केली.

मी तुळशीवृंदावनाआड उभा होतो. मला बंबाचे वाईट वाटत नव्हते. दुसरीच भीती वाटत होती. धीर करून आजीला विचारले, “आजी, आईची आंघोळ उन्हं आल्यावर झाली. ती नरकात जाईल का गं?”

आजीने माझ्याकडे पाहिले. ती रागावली असती तर बरे झाले असते. ती एवढेच म्हणाली, “ती कशाला जाईल? सगळ्यांना पाणी तिनंच दिलं. ज्यानं बंब कोरडा ठेवला त्यानं आपलं बघावं.”

त्या दिवशी आईची आंघोळ होऊन, तिला काकूंनी ओवाळून, ती पाटावर येऊन बसेपर्यंत आजीने कोणाच्याही ताटात फराळ वाढू दिला नाही. पुढच्या वर्षीपासून एक नवी रीत पडली. बंब पेटविणाऱ्या हाताची आंघोळ पहिली. आजीने आईला स्वतः तेल लावले, आणि मग बाकीच्या घराने तोटीला हात लावला. बंबाचा सांधा तांबटाने डाख लावून दिला. दुरुस्त करताना तो म्हणाला, “आग जास्त झाली म्हणून बंब जात नाही, मालक. पाणी कमी पडलं म्हणून जातो.”

घालण्याची रीत

खेड्यापाड्यांतून, मळ्यांतल्या वस्त्यांवर, आजही अंगणात बंब धगधगतात. तांब्याऐवजी पत्र्याचे किंवा स्टीलचे असतात एवढेच. त्या घरांसाठी पाणी घालण्याची रीत येथे नमूद करणे उचित ठरेल.

पहिली गोष्ट, आधी पाणी आणि मग जाळ. बंब भरल्यावाचून काडी ओढू नये. दुसरी, पाणी सारे संपण्याची वाट पाहू नये. प्रत्येक आंघोळीगणिक काढले तेवढे घालीत जावे. यात जो हिशेब आहे तो साधा आहे. समजा, बंबात 40 लिटर पाणी 80 अंशांपर्यंत तापले आहे. 10 लिटर काढून त्याऐवजी 20 अंशांचे 10 लिटर घातले तर पोटातील पाणी 65 अंशांवर येते. पुढच्या माणसाला ते पुरेसे कढत असते आणि तो तेल-उटणे लावून घेईपर्यंत जाळ त्याला पुन्हा वर आणतो. पण तिघांनी काढून घेतले आणि कोणीच घातले नाही, तर चौथ्याला एकदम 30 लिटर घालावे लागतात आणि पाणी 35 अंशांचे, जेमतेम कोमट, होते. पहिल्या तिघांच्या आळसाची थंडी चौथ्याला भरते. शिवाय पाण्याची पातळी खाली गेली की नळीचा वरचा भाग उघडा पडतो आणि त्या भागातील धग पाण्याला न लागता वाऱ्यावर जाते. म्हणजे जळणही वाया.

तिसरी गोष्ट जिवाची आहे. बंब कोरडा पडून तापला असेल तर त्यात पाणी कदापि घालू नये. आधी निखारे ओढावेत, बंब निवू द्यावा, सांधे तपासावेत, मग भरावा. चौथी, पाणी घालावयाच्या तोंडात बोळा कोंबू नये किंवा झाकणावर वजन ठेवू नये. वाफेला वाट मोकळी हवी. पाचवी, धुमसते निखारे असलेला बंब बंद न्हाणीघरात ठेवू नये. कोळशाच्या धगीतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड हा वायू दिसत नाही, त्याला वास नाही, आणि तो प्राणघातक आहे. पूर्वजांनी बंबाची जागा परसात, उघड्यावर ठेवली ती योग्यच होती.

विहिरीचे पाणी जड असेल तर पोटात क्षारांचा पांढरा थर बसतो आणि पाणी तापावयास वेळ लागू लागतो. वर्षातून एकदा, दिवाळीपूर्वीच, तो खरवडून काढावा. बाहेरून चिंचेचा कोळ आणि मीठ लावून घासले की चिंचेतील आंबटपणा तांब्यावरचा काळपटपणा काढून टाकतो आणि बंब नव्या नवरीसारखा उजळतो.

आता बाजारात एका नव्या तऱ्हेचा बंब मिळतो. त्यात गार पाणी घालावयाचे नसराळे तळापर्यंत गेलेले असते आणि ऊन पाण्याची तोटी वरच्या अंगाला असते. नसराळ्यात एक बादली ओतली की वरून एक बादली कढत पाणी बाहेर येते. ओतल्याखेरीज थेंबही मिळत नाही. गार पाणी जड म्हणून तळाशी राहते, ऊन पाणी हलके म्हणून वर चढते, या सृष्टिनियमाचा तो उपयोग आहे. मला ही युक्ती फार आवडते. आमच्या आजीला जो नियम चौदा माणसांना आयुष्यभर सांगावा लागला, तो कारागिराने बंबाच्या शरीरातच घालून टाकला!

पाणी भरण्याचा सण

आपल्या शेजारच्या कर्नाटकात तर या पाणी भरण्यालाच सणाची प्रतिष्ठा आहे. त्रयोदशीच्या संध्याकाळी तेथे ‘नीरु तुंबुव हब्ब’, म्हणजे पाणी भरण्याचा सण, साजरा करतात. न्हाणीघर धुऊन स्वच्छ करावयाचे, पाणी तापविण्याचे हंडे घासून लखलखीत करावयाचे, त्यांना हळदकुंकू लावून, फुलांनी सजवून ताज्या पाण्याने भरावयाचे आणि त्या पाण्याची गंगा म्हणून पूजा करावयाची. दुसऱ्या दिवशी पहाटे त्याच पाण्याने अभ्यंग. गोव्यात आणि कोकणपट्टीतही न्हाणीघरातले ‘भाण’ घासूनपुसून, फुलांची माळ घालून आदल्या रात्री भरून ठेवण्याची चाल आहे.

आपल्याकडे त्रयोदशीला धन्वंतरीचे पूजन होते, यमासाठी दक्षिणेकडे तोंड करून दिवा लावला जातो. त्याच संध्याकाळी भरलेल्या बंबाला हळदकुंकवाची दोन बोटे लावावयास काय हरकत आहे? ज्यांच्या घरी बंब नाही त्यांनी पाण्याच्या पिंपाला लावावीत. स्नान हा पुण्याचा विधी आहे हे आपण जाणतो. त्या स्नानासाठी पाणी भरणे हाही विधीच आहे, हे कर्नाटकातील गृहिणींनी विसरू दिलेले नाही.

उरलेले ऋण

आपल्या धर्माने मनुष्याला जन्मतःच तीन ऋणांनी बांधलेले मानले आहे: देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण. ही ऋणे फेडण्याचा मार्ग असा नव्हे की, ज्याने दिले त्यालाच परत द्यावे. ऋषींचे ऋण विद्या पुढे शिकवून फिटते. पितरांचे ऋण पुढची पिढी वाढवून फिटते. घेतले मागच्याकडून, द्यावयाचे पुढच्याला. बंबाचा नियम याहून निराळा काय आहे? मी जे ऊन पाणी अंगावर घेतले ते माझ्या आधी कोणीतरी घातलेले, कोणीतरी तापविलेले होते. मी जे गार पाणी आता घालीत आहे ते तापेल तेव्हा त्याची ऊब माझ्या वाट्याला येणार नाही. ती माझ्यामागून येणाऱ्याच्या वाट्याला येईल. एवढे तत्त्वज्ञान आमच्या आजीने तीन शब्दांत सांगितले होते.

आणि या हिशेबात एक माणूस वर्षानुवर्षे सुटत आले आहे. ते म्हणजे घरातील गृहिणी. आडावरून पाणी शेंदले तिने, बंब पेटविला तिने, सर्वांची तेले लावली तिने आणि सूर्योदयापूर्वी साऱ्या घराला स्नानाचे पुण्य मिळवून देता देता तिचे स्वतःचे स्नान मात्र उन्हे आल्यावर. ज्या दिवशी भगवंताने सोळा सहस्र स्त्रियांना बंदिवासातून सोडविले, त्याच दिवशी आपल्या घरातील एका स्त्रीला मोकळेपणाने आंघोळ करावयास अर्धी घटका मिळू नये, हे त्या सणाच्या मर्माशी कसे जुळते, याचा पुरुषवर्गाने शांतपणे विचार करावा.

शहरांतून बंब केव्हाच गेला. वीज, गॅस आणि सूर्याची उष्णता यांनी त्याची जागा घेतली. बटण दाबले की पाणी तापते आणि काढले तेवढे पाणी टाकीतून आपोआप भरते. सोय मोठी आहे. तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. धुराने डोळे चोळणारी आई पुन्हा पाहावयास मिळावी असे कोणता मुलगा म्हणेल? परंतु पाणी आपोआप भरते म्हणून आपल्यामागून कोणी यावयाचे आहे ही जाणीव आपोआप राहत नाही. एकाने तोटी सोडून अर्धा तास स्नान करावे आणि शेवटच्याला गार पाणी मिळावे, हे बंद दाराआड आजही घडते. तांब्याचा बंब गेला. कोरडा ठेवण्याची आमची खोड गेलेली नाही.

म्हणून या दिवाळीत एवढेच करू या. ज्या हाताने घराला उजेड दिला, ऊब दिली, त्या हाताला आधी तेल लावू या. पहिली आंघोळ तिची होऊ द्या. आणि आपण ज्या पाण्याने न्हालो, तेवढे पाणी पुढच्यासाठी आठवणीने ठेवू या.

आमच्या जुन्या घरात आता कोणी राहत नाही. बंब मी आणला आहे. माझ्या घराच्या मागच्या अंगणात तो उभा आहे. नळीवरची डाखाची खूण अजून स्पष्ट दिसते. वर्षातून एकदा, आजच्याच पहाटे, मी तो पेटवितो. सर्वांच्या आंघोळी झाल्या, जाळ विझला, निखारे निवले, की शेवटची बादली मी घालतो आणि झाकण लावतो. त्यानंतर कोणी न्हावयाचे राहिलेले नसते. तरीही घालतो.

सर्व वाचकांना ही दीपावली सुखाची, आरोग्याची आणि भरल्या घराची जावो!